उजेड लागलेल्या जाळ्या

६ जानेवारी

आज हे कामावर गेले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन. मी गॅलरीत उभी राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते. वळताना त्यांनी मागे बघून हात केला. जीव भांड्यात पडला असं लिहायला हवं, पण तो अजून काठावरच लोंबकळतोय.

गेलं जवळजवळ वर्षभर हे आजारी होते. ताप नाही, खोकला नाही, नुसतं भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. ‘अहो’ म्हटलं तरी मान वळायची नाही. मनाचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले. गोळ्या घ्या, दिवसाला शिस्त लावा, पण तो परत येऊ शकतो तेव्हा लक्ष ठेवा. कशावर ठेवू, विचारलं, तर म्हणाले झोप, अंघोळ, बोलणं आणि कामावर जाणं. मी डोळ्यांत तेल घालून बसणार आहे. ते दिवस परत आले तर मला झेपणार नाहीत. हे इथे लिहिते, तोंडाने कुणाला सांगणार नाही.

डॉक्टर मलाही म्हणाले, तुम्ही स्वतःसाठी काहीतरी करा. आता स्वतःसाठी काय करतात बायका? मी दिवसभर कंपनीच्या तक्रार विभागात बसून लोकांचे बिघडलेले मिक्सर ऐकते. घरी आल्यावर भांडी घासतानासुद्धा कानात मिक्सरच घरघरत असतो.

१२ जानेवारी

स्क्रीन प्रिंटिंगचा क्लास लावला. सुट्टीच्या दिवशी असतो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, दोऱ्यांवर चिमट्यांनी अडकवलेले ओले कागद, शाईचा वास. सर पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. “ओढा, ओढा, हात थांबवू नका,” एवढंच सारखं म्हणतात, म्हणून आम्ही बायकांनी त्यांचं नाव ओढसर ठेवलंय.

प्रकार असा आहे. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते. तिला इमल्शन नावाचं हिरवं औषध फासायचं आणि अंधारात वाळवायचं. मग काळ्या शाईने चित्र काढलेला पारदर्शक कागद त्यावर ठेवून वरून झगझगीत दिवा लावायचा. उजेड लागला तिथे औषध घट्ट धरतं. काळ्या रेघांखाली उजेड पोचत नाही, तिथलं औषध पाण्याने सुटून जातं आणि जाळी मोकळी होते. त्या मोकळ्या जागेतून रबरी पट्टीने शाई खाली ओढायची की छापलं चित्र. सगळा उलटा कारभार, पण मला आवडला.

पहिलं चित्र अर्ध्या चिरलेल्या कांद्याचं काढलं. पिशवीवर छापून घरी आणलं तर हे म्हणाले, “कांदा आहे की कुणाचा डोळा?” आणि हसले. किती दिवसांनी हसले. मी मुद्दाम रागावून दाखवलं, म्हणजे आणखी हसतील.

१९ जानेवारी

अडगळीची खोली माझी झाली. तिला खिडकी नाही, म्हणून जाळ्या वाळवायला अगदी फक्कड. ह्यांनी स्वतः ट्रंक सरकवली, फळ्या ठोकून दिल्या, जुनं स्टूल पुसून ठेवलं. छताला पांढरी ट्यूब आहे, ती माझ्या औषधाला चालत नाही. म्हणून एक मंद पिवळा दिवा लावला आणि ट्यूबच्या बटणावर चिकटपट्टी मारली. घरात जाहीर करून टाकलं की औषध लावलेली जाळी आत असताना पांढरा दिवा लावायचा नाही आणि दार उघडं टाकायचं नाही. घरात म्हणजे कुणाला, तर ह्यांना आणि मावशींना. मावशी दुपारी येऊन केर-लादी करतात, त्यांच्याकडे एक किल्ली असते.

सगळं लावून झाल्यावर हे स्टुलावर बसले आणि म्हणाले, “इथे किती शांत आहे गं.”

“अडगळ बोलत नाही, म्हणून,” मी म्हटलं. जरा बरं वाटलं, की माझ्या कामात मन घालतायत.

२७ जानेवारी

ह्यांच्या ऑफिसात एक नवे साहेब आलेत. कशालाही ‘उद्या’ म्हणतात. सही? उद्या. पंखा दुरुस्ती? उद्या. आज म्हणे त्यांचा निरोपसमारंभ करायचं कुणीतरी काढलं, तेव्हा मात्र साहेब म्हणाले, “आजच करून टाका.” मला हसून हसून ठसका लागला. आणखी एक जण आहे, तो स्वतःची छत्री दुसऱ्याच्या टेबलाखाली ठेवतो आणि मग चोर शोधत फिरतो.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी ऑफिसचं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आता जेवताना रोज एक किस्सा. झोप ठीक, अंघोळ वेळेवर, बोलणं तर भरभरून. मी मनातल्या मनात बरोबरच्या खुणा करत जाते.

नणंदेचा फोन होता. “दादा बरा आहे ना?” म्हटलं, अगदी. तर म्हणते, “माझ्याशी फार गोड बोलतो गं हल्ली. आजारी पडायच्या आधीसुद्धा असाच गोड बोलायचा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस बोलत नव्हता तेव्हा बोलत नाही म्हणून रडायचं, आता बोलतोय तर गोड का बोलतो म्हणून. फोन ठेवून दिला.

२ फेब्रुवारी

जाळी बिघडली. चहाच्या किटलीचं चित्र होतं, सुबक रेघांचं. दिवा दिला, पाण्याखाली धरली, चोळली, पुन्हा चोळली. एक रेघ सुटेल तर शपथ. सगळी जाळी हिरवी ढिम्म. बाथरूममध्ये उकिडवी बसून कंबर धरली. हे बाहेरून म्हणाले, “जाऊ दे, औषध जुनं झालं असेल. नवीन आण.”

आणेन.

९ फेब्रुवारी

नवं औषध, तरी तेच. क्लासला जाळी नेली. ओढसरांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “ताई, हिला आधीच उजेड लागलाय.” म्हटलं, शक्यच नाही, खोलीला खिडकीसुद्धा नाही. ते म्हणाले, “मग दार असेल.”

दिवसभर मी लोकांना सांगते, एकेक कारण बाजूला काढा, उरेल ते खरं. औषध बदललं. माझा कामाचा दिवाही ठीक आहे. मी नसताना घरात येतं कोण?

१५ फेब्रुवारी

आज नीट बघितलं. ट्यूबच्या बटणावरची चिकटपट्टी सैल झालीये, कुणीतरी काढून परत लावल्यासारखी. कोपऱ्याला धूळ चिकटलीये. फळीवर जुनी पांढरी चादर असते, ती भलत्याच घडीत होती. मी चादरीची घडी चौकोनी घालते, ही लांबट होती.

ह्यांना दाखवलं. त्यांनी पट्टी अंगठ्याने दाबून बसवली आणि म्हणाले, “पट्ट्या सुटतातच गं.” ह्यांचं हे असंच, कुणावर बोट ठेवणार नाहीत. पण मावशींची लांबट घडी मी ओळखते. टॉवेलांनाही त्या तशीच घालतात.

१६ फेब्रुवारी

सोक्षमोक्ष लावला. सुट्टी होती, मावशी आल्या तेव्हा आम्ही दोघंही घरी होतो. मी म्हटलं, “मावशी, त्या खोलीत दिवा लावून तुम्ही काय करता?”

त्यांनी झाडू हातातच धरून ठेवला. “मी कशाला लावू? तिथे मी जातच नाही आता.”

“आता म्हणजे? आधी जात होतात?”

त्या ह्यांच्याकडे बघायला लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या. हे पेपर वाचत होते. मला वाटलं, हे आपली बाजू घेतील असं त्यांना वाटतंय, म्हणून मी आणखीच चिडले. म्हटलं, दुपारची झोप काढायची असेल तर सरळ विचारायचं, माझ्या कामाची वाट का लावता? फार बोलले. मावशींनी किल्ली कमरेची सोडून टेबलावर ठेवली. “मी नाही लावला,” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हे म्हणाले, “सोडून द्यायचं होतंस.” चेहरा पांढरा पडला होता. भांडणाचा आवाज अजून त्यांना सोसत नाही. माझंच चुकलं, त्यांच्यासमोर नको होतं बोलायला. जेवताना किस्सा झाला नाही.

२१ फेब्रुवारी

केर-लादी आता माझ्याच गळ्यात. सकाळी उठून लादी पुसते आणि मग मिक्सरवाल्यांच्या शिव्या खायला जाते. ह्यांचा डबा आज अर्धा परत आला. “साहेबांनी खायला आणलं होतं,” म्हणाले. उद्याचे साहेब आज कसे उदार झाले, असं मी चिडवलं. हे हसले, पण जरा उशिराने.

२६ फेब्रुवारी

पुन्हा बिघडली.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. मावशी या रस्त्यालासुद्धा फिरकलेल्या नाहीत. मग मी त्या बाईला इतकं घालूनपाडून बोलले ते कशासाठी? आज काही सुचत नाहीये. भाजी करपली.

२ मार्च

ओढसरांनी एक युक्ती सांगितली. जाळीला औषध लावायचं, वाळवायचं, एक दिवस खोलीत ठेवायची आणि चित्र न देताच धुवायची. अंधार खरा असेल तर सगळं औषध धुऊन निघेल. राहिलं तर खोलीत उजेड शिरतोय.

त्यांनी त्यांची मोठी चौकट दिलीये. फळीवर मावत नाही, म्हणून स्टुलाशेजारच्या ट्रंकेवर आडवी ठेवीन. ह्यांना युक्ती सांगितली नाही. मावशींच्या प्रकरणापासून जाळीचं नाव काढलं की ते उठून जातात.

५ मार्च

काय लिहू?

संध्याकाळी आले आणि आधी जाळी धुवायला घेतली. चादर तिच्यावर पांघरलेली होती. मी पांघरली नव्हती. पाणी सोडलं. कडेकडेने काही सुटेना, सगळं घट्ट. म्हटलं, लागलाच उजेड. आणि मग एका बाजूला औषध सुटायला लागलं, गोल, चांगला ताटलीएवढा. मी बघतच राहिले. त्याच्या शेजारी आणखी काहीतरी सुटत होतं. एक कडं, त्याला लागून दुसरं कडं, मधे छोटा पूल. एक काडी आत दुमडलेली. दुसरी काडी सरळ बाहेर.

ह्यांच्या चष्म्याची डावी काडी मिटत नाही. आजारपणात एकदा त्यावरच झोपले होते, तेव्हापासून.

हे बाहेरून म्हणाले, “जमलं का?” मी बाथरूमच्या दारातून बघितलं. सोफ्यावर बसले होते, तोच काळ्या जाड काड्यांचा चष्मा घालून. म्हटलं, “नाही, बिघडली.” ते म्हणाले, “जाऊ दे, दुसरी कर.”

गोल म्हणजे डबा. जाळीवरच्या पातळ चादरीवर डबा ठेवलाय, चष्मा काढून ठेवलाय. म्हणजे दुपारी जेवायला घरी येत असतील. ऑफिसात जेवण जात नसेल. मला सांगायचं राहिलं असेल. पण इतकं घट्ट औषध जेवणापुरत्या दिव्याने होत नाही, बराच वेळ दिवा लागतो. कुणी जेवायला चष्मा काढतं का? चष्मा माणूस झोपताना काढतो.

आणि मावशी समोर उभ्या होत्या तेव्हा हे पेपर कसा वाचत राहिले?

विचारलं नाही. भीती वाटली. उद्या डोकं दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसाने घरी येते.

६ मार्च

किल्ली आवाज न करता फिरवली. स्वतःच्याच घरात चपला हातात घेऊन शिरले. ह्यांचे बूट दाराच्या मागे शेजारी शेजारी ठेवलेले होते. अडगळीच्या दाराखाली पांढऱ्या उजेडाची रेघ होती.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. आतून काहीच आवाज नाही, आणि तेच मला नको होतं. शेवटी म्हटलं, “अहो.”

बोटाने दारावर टकटक केलं.

“अहो, मी आहे. उघडते हं दार.”

“थांब,” ते आतून म्हणाले, “थांब थांब, आधी तुझी जाळी झाकतो.”

आत जाळी नव्हतीच. ती काल धुतल्यापासून बाथरूममध्ये भिंतीला टेकून उभी होती. मी दार उघडलं. हे दोन्ही हातांत चादर धरून उभे होते आणि ट्रंकेकडे, फळ्यांकडे बघत होते. चष्मा घातला नव्हता. “कुठे आहे गं?” म्हणाले. “झाकल्याशिवाय मी कधी दिवा नाही लावला. कधीच नाही.”

मी त्यांना धरून स्टुलावर बसवलं आणि स्वतः ट्रंकेवर बसले. विचारलं, कधीपासून. म्हणाले, पहिल्या दिवसापासून.

“फाटकापर्यंत गेलो होतो. ओळखपत्र काढून दाखवायचं होतं. खिशातून हातच निघेना. मागे माणसं थांबली होती. मग वळलो. तू निघून जाईपर्यंत बागेत बसलो.”

“आणि रोज?”

“रजा वाढवत राहिलो.”

“मग उद्याचे साहेब?”

“होते एक. फार पूर्वी. बाकी मी रचायचो.” त्यांनी चादरीची लांबट घडी घातली, उलगडली, परत घातली. “तुला काय सांगायचं ते दिवसभर जुळवत बसायचो इथे. त्यात दिवस जायचा. तू हसलीस की वाटायचं, झालं, आजचं काम झालं.”

मला रडू आलं, आणि राग तर इतका आला की तो कुणावर काढावा तेच कळेना. मी हसून हसून ठसका लागल्याचं इथे लिहून ठेवलंय. खुणा करत होते बरोबरच्या. मी ज्या ज्या गोष्टीवर लक्ष ठेवून होते, ती ती हा माणूस मला रोज उचलून हातात देत होता, आणि त्यातच त्याचा जीव संपत होता.

मावशींचं विचारलं. एकदा झाडायला म्हणून त्यांनी दार उघडलं होतं. “मी हात जोडले,” हे म्हणाले. “त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशीही बोलल्या नाहीत. आणि मीही नाही बोललो.” मग भिंतीकडे तोंड केलं. मी खांद्याला धरून वळवलं, तर वळले. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, उद्या संध्याकाळी या म्हणाले. आज रात्री त्यांना एकटं सोडू नका, असंही म्हणाले. नणंदेला बोलावून घेतलं. तिने आल्या आल्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. मला एका शब्दाने बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

७ मार्च

नणंद घरी होती, म्हणून सकाळी मावशींकडे जाऊन आले. जिन्यातच भेटल्या, कामाला निघाल्या होत्या. मी म्हटलं, माझं चुकलं, मला माफ करा, परत या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तुमच्या बोलण्याचं सोडा, तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण ते पेपर वाचत बसले, ते मला लागलं. आजारी आहेत ते कळतं मला. तरी लागलं.” दुसरं घर धरलंय, येणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

डॉक्टरांनी गोळी बदलली. बराच वेळ ह्यांच्याशी दार लावून बोलले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “आजार परत आलाय म्हणू नका. गेलाच नव्हता.” आता ऑफिसचं नाव काढायचं नाही. कधी काढायचं, विचारलं, तर खांदे उडवले. म्हणजे मी कशावर लक्ष ठेवू, हेही आता कुणी सांगत नाही.

८ मार्च

आज मी कामावर गेले नाही, रजा टाकली. नणंद आंघोळीला गेली होती. मी चहा घेऊन बाहेर आले तर हे तयार होऊन बसलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट.

मी म्हटलं, “अहो, आज कुठे जायचं नाहीये. आता ते सगळं संपलं ना?”

“हो, ते कळतंय मला,” ते म्हणाले. मग घरभर नजर फिरवली, सोफा, टेबल, गॅलरीचं दार, जणू दुसऱ्याच्या घरी आलेत. “पण मग दिवसभर मी कुठे बसू?”

चहाचा कप त्यांच्या हातात दिला, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एक सोडली. दुसरीची गाठ घट्ट बसली होती, ती सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ मी त्यांना बोलतं केलं नाही.